तसं लिहिलेलं काही नाही

गेल्या आठवड्यात मी फोन बदलला. जुन्यातले सगळे नंबर आपोआप नव्यात आले आणि त्यांच्यासोबत ‘वारंग मयत’ हाही आला. बदलापूरला कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये बहुतेकांच्या फोनात वारंगकाकांचा नंबर याच नावाने होता. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. गॅसवाला, केबलवाला, प्लंबर, तसा हा. कुणाच्या घरी कुणी गेलं की रडणं नीट सुरू व्हायच्या आत कोणीतरी म्हणायचं, वारंगांना फोन लावा.

काका यायचे ते अर्ध्या बाह्यांचा सदरा, लेंगा आणि खांद्याला कापडी पिशवी अशा थाटात. पिशवीत सुतळीचा गुंडा, चाकू, काडेपेटी आणि जुन्या धोतराच्या फाडलेल्या पट्ट्या असायच्या. स्मशानात जायच्या चपला त्यांनी गॅलरीत वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या पायात दिसल्या की खालचे दुकानदार समजून जायचे आणि कुठल्या मजल्यावर, एवढंच विचारायचे.

हे काम त्यांच्याकडे कसं आलं ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. तरुणपणी ते मालवणच्या बाजूने येऊन अंबरनाथला एका केमिकल कंपनीत बॉयलरवर लागले आणि बुवापाड्यात चाळीत राहिले. चाळीतला एक शेजारी गेला. सगळी कामगार मंडळी, तिरडी बांधायची कुणालाच धड येत नव्हती. जशी आली तशी बांधली आणि निघाले, तर भर रस्त्यात एका बाजूची गाठ सुटली. लोक गांगरले. काकांनी तिरडी खाली ठेवायला लावली, सगळ्या गाठी सोडल्या आणि पहिल्यापासून पुन्हा बांधल्या. बॉयलरच्या पाइपांना दोऱ्या गुंडाळायची हाताला सवय होती, तीच तिथे वापरली, असं ते म्हणायचे. मागून येणारा ट्रक हॉर्न न वाजवता थांबून राहिला होता, हे ते आवर्जून सांगायचे. त्या दिवसापासून लोक त्यांना बोलवायला लागले आणि त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. रिटायर झाल्यावर ते बदलापूरला आले, तेव्हा त्यांच्या आधी त्यांची ही ख्याती येऊन पोचली होती.

माझे वडील गेले तेव्हा मी त्यांना जवळून पाहिलं. मी आतल्या खोलीत पलंगापाशी नुसता उभा होतो. काका आले ते आधी स्वयंपाकघरात गेले आणि कुकरखालचा गॅस बंद केला. मग बाहेर येऊन माझ्या आईला विचारलं, "वहिनी, सकाळची बीपीची गोळी घेतलीत?" तिने घेतली नव्हती. त्यांनी शेजारून अर्धा कप चहा मागवला, गोळी तिच्या हातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोर उभे राहिले. त्यानंतरच ते वडिलांकडे वळले. मला त्यांनी वडिलांचा जुना चष्मा शोधायला सांगितलं, काड्या सोनेरी असलेला. मी कपाटं उपसली, ट्रंक उघडली, पाऊण तास शोधला. त्या चष्म्याची काहीच गरज नव्हती, हे पुढे दुसऱ्यांच्या घरी त्यांना पाहिलं तेव्हा कळलं. जो माणूस आता कोसळेल असं वाटायचं त्याला ते असंच काहीतरी शोधायला लावत. बेलवलीला एका घरी त्यांनी तरण्याताठ्या जावयाला रेशनकार्डाच्या शोधात अख्खं घर पालथं घालायला लावलं होतं.

दहाव्या-तेराव्याचं जेवण मात्र ते कुणाकडेही घेत नसत. काम झालं की नळावर हातपाय धुवून, पिशवी झटकून घरी यायचे, आणि काकू त्यांना दारातच तांब्याभर पाणी द्यायच्या.

या सगळ्याचा त्रास असा की ते कुणाच्या दारात उभे राहिले तरी घरातली बाई आधी कोण गेलं हेच विचारायची. त्यांना ते ठाऊक होतं. त्यामुळे बेल वाजवली की दार उघडायच्या आतच ते बाहेरून मोठ्याने सांगायचे, "कोणी गेलेलं नाय. विरजण पाहिजे होतं." आम्ही त्यावर हसायचो. मुलंही त्यांची नक्कल करायची. पण तळमजल्यावर बारसं झालं तेव्हा सगळ्या बिल्डिंगला बोलावणं होतं आणि काकांना नव्हतं. नंतर त्या लोकांनी राहून गेलं म्हणून सांगितलं. काकांनी जिन्यात त्यांना थांबवून बाळाचं नाव विचारलं आणि छान आहे म्हणाले. माझी बायको वृषाली घरात म्हणाली, बरं झालं नाही आले, लोकांना कसंतरी वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं.

काकू आजारी पडल्या आणि उल्हासनगरच्या एका खाजगी हॉस्पिटलात एकोणीस दिवस आयसीयूत राहिल्या. त्यांच्या घशात नळी होती. काकांना सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ आत सोडायचे. एका संध्याकाळी काकूंनी उजवा हात थोडा उचलला आणि बोटांनी काहीतरी खूण केली. काकांनी विचारलं, पाणी? पोरगी पाहिजे, मेघना? पाय दुखतात? त्यांनी पुन्हा तीच खूण केली. काकांनी विचारलं, घरी जायचं? तोवर काकूंनी डोळे मिटून घेतले होते. दोन दिवसांनी त्या गेल्या. त्यांच्या मयताची सगळी तयारी काकांनी स्वतः केली. एकही गाठ त्यांनी दुसऱ्याला मारू दिली नाही.

त्यानंतर कधीतरी मी वर चहाला गेलो होतो. बोलता बोलता त्यांनी हात उचलून तीच खूण मला करून दाखवली. अंगठा आणि पहिली दोन बोटं जवळ आणून थोडी फिरवल्यासारखी.

"काय असेल रे, सुधीर?" त्यांनी विचारलं. "मी रोज करून बघतो. किल्ली म्हणत असेल? गोळी? पदर सारखा करायला सांगत असेल?"

मग ते म्हणाले, आयुष्यभर लोकांचं नंतरचं बघत बसलो, आधीचं काय असतं ते बघितलंच नाही. हे ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले आणि कपबश्या विसळायला उठले.

काकू गेल्यावर त्या घरी कोणी जाईनासं झालं. तेव्हा काकांच्या एकटेपणाचा विचार मी केला नाही. ते दुसऱ्या मजल्यावर आणि मी बरोबर त्यांच्या खाली पहिल्यावर, त्यामुळे वरचा खुर्ची सरकवल्याचा आवाज मला ऐकू यायचा. तेवढ्यावर मी समजायचो, काका आहेत. त्यांची एकुलती मुलगी मेघना हैदराबादला असते. ती रोज न चुकता फोन करायची, तिला मी दोष देणार नाही. मयताला मात्र लोक त्यांना बोलवतच राहिले. पुढे पुढे त्यांना धाप लागायला लागली. बॉयलरपाशी गेलेली वर्षं फुप्फुसांत साठलेली होती. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला लावलं. काकांनी त्यांना सरळ विचारलं की हे बरं होणार का, आणि डॉक्टरांनीही सरळ सांगितलं की नाही, वाढत जाईल. पुढच्या खेपेला हॉस्पिटलात न्यावं लागलं तर व्हेंटिलेटर लागेल, आणि एकदा लागला की निघेल असं नाही.

त्या दिवसापासून काकांना एकच गोष्ट कुणाला तरी नीट सांगून ठेवायची होती. ती ऐकायला कोणी तयार नव्हतं. त्यांच्या बाबतीत तर गंमत अशी की त्यांनी "माझं शेवटचं सांगायचंय" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बांबू आणि मडकंच यायचं. बागेच्या कट्ट्यावर संध्याकाळी सात-आठ म्हातारे बसतात, तिथे त्यांनी एकदा विषय काढला. लगेच एकजण म्हणाला, "वारंग, तुमची गाठ मारायला आम्ही माणूस कुठून आणणार? तेवढं शिकवून जा." सगळे हसले. काकाही हसले. दुसऱ्याने शंभर वर्षं जगाल म्हटलं आणि पाणी सोडायच्या वेळा बदलल्याचं बोलणं निघालं. मेघनाला व्हिडिओ कॉलवर सांगायला गेले तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा, असं अभद्र बोलायचं नाही, मी पुढच्या महिन्यात येतेय ना, म्हणून तिने फोन मुलीकडे दिला. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा ते चिडलेले नव्हते. रडते म्हटल्यावर काय बोलणार, एवढंच म्हणाले.

एकट्या हरीशेठनी त्यांना विचारलं. हरीशेठ म्हणजे उल्हासनगरचे एक सिंधी कापडवाले, वय काकांएवढंच, गुडघ्यांनी बेजार, दिवसभर गादीवर बसून. काका पांढरं कापड त्यांच्याकडूनच न्यायचे. कुणासाठी ते हरीशेठ कधी विचारत नसत. लेडीज की जेंट्स एवढं विचारायचे आणि अंदाजाने फाडायचे. एका रविवारी काका म्हणाले, मला जरा स्कूटरवर उल्हासनगरला, कॅम्पात ने. नेलं. दुकानाच्या दोन पायऱ्या चढायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.

"लेडीज, जेंट्स?" हरीशेठनी कात्री उचलली.

"जेंट्स," काका म्हणाले. "माप माझंच घे."

हरीशेठनी कात्री खाली ठेवली. "चाय पी. तेरा मैं नहीं काटेगा."

"अरे, नंतर पोरांची धावपळ होते, म्हणून."

"बाद का बाद में. तू पहले का बोल. तेरेको क्या चाहिए?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. मग त्यांनी त्यांच्या अर्ध्या मराठी अर्ध्या हिंदीत सांगितलं. "घर में. अपने पलंग पे. नळी नको, मशीन नको. एक आदमी बाजू में बैठा पाहिजे, बस."

"मैंने भी लड़के को यही बोला," हरीशेठ म्हणाले. "वो बोलता है, डैडी, आप टीवी देखो."

दोघं खूप वेळ हसले. काकांना हसताना धाप लागली तशी हरीशेठनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ती कमी होईपर्यंत काढला नाही. मी स्टुलावर बसून मोबाइल बघत होतो. पण मी सगळं ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं मला कधीच म्हणता येणार नाही.

त्यानंतरच्या रविवारी काकांनी मला वर बोलावलं. येताना फुलस्केप कागद आणि पेन आण म्हणाले. पलंगावर उशीला टेकून ते बसले होते, मी समोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत. त्यांनी सांगायला सुरुवात केली. वाक्यावाक्याला थांबत होते. मयत घरी फार वेळ ठेवायचं नाही. मेघना निघाली असेल तर थांबायचं, बाकी कुणासाठी नाही. लाकडं नकोत, विद्युतदाहिनी. बांबू कुठल्या वखारीतून, सुतळी किती, मडकं कुणाकडून. कावळ्याची वाट बघत लोकांना उन्हात उभं करायचं नाही. जेवण घालायचं नाही. गॅलरीतल्या चपला स्मशानातच कुणाला तरी द्यायच्या. मी सगळं लिहून घेतलं, अगदी नंबर घालून. दोन पानं भरली. लिहिताना मला बरं वाटत होतं हे कबूल करतो. आपण काकांसाठी काहीतरी करतोय असं वाटत होतं.

"हे झालं नंतरचं," ते म्हणाले. "आता आधीचं लिही."

"आधीचं म्हणजे?"

"धाप वाढली, तोंड निळं पडलं, की पहिला फोन आपल्या डॉक्टरला. माझं बोलणं झालंय. ते घरी येऊन इंजेक्शन देतील, दम कमी होतो त्याने. दुसरा फोन मेघनाला. अँब्युलन्स बोलवायची नाय. मग हीच खुर्ची घे नि इथे बस. बोललास नाय तरी चालेल."

मी पेनाचं टोपण लावलं. "ते काय लिहायचं, काका? मला माहीतच झालं ना आता. वेळ येईल तेव्हा बघू."

"लिही रे."

"अहो, उद्या मेघनाने हे वाचलं तर तिला काय वाटेल?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी कागदाची घडी घालत होतो. "बरं," ते म्हणाले, आणि घडी परत उलगडायला लावून त्या दोन पानांखाली सही केली. निघताना त्यांनी मला खिडकीवरच्या डब्यातला खजूर दिला. मला कसली तरी सुटका झाल्यासारखी वाटली आणि मी दोन-दोन पायऱ्या करत खाली आलो.

ती वेळ तीन महिन्यांनी आली, एका गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला. मी सुट्टीवर होतो. त्यांच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी जिन्यातून हाक मारली. मी वर गेलो. काका पलंगावर पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. ओठ जांभळे पडले होते. मशीन चालू होतं, पण श्वास पुरत नव्हता. मला पाहिल्यावर त्यांनी एक हात उचलून खुर्चीकडे बोट केलं. अगदी स्पष्ट. तेवढंच करायचं होतं मला. डॉक्टरांचा दवाखाना चालत तीन मिनिटांवर, त्यांचा नंबर माझ्या फोनात.

मी अँब्युलन्सला फोन लावला.

याचं कारण मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. त्यांच्यावरच्या प्रेमापोटी केलं असं म्हणावंसं वाटतं, पण ते खरं नाही. मला भीती वाटली. हा माणूस माझ्यासमोर जाईल आणि मी खुर्चीत बसून असेन, उद्या लोक विचारतील की तुम्ही केलंत काय, आणि मला सांगावं लागेल की मी बसलो होतो. गाडी बोलावली की माणूस मोकळा होतो. सगळ्यांनी तेच केलं असतं, हे आजही मला लोक सांगतात.

स्ट्रेचर आमच्या जिन्यात वळत नाही. अँब्युलन्सबरोबर आलेल्या दोघांनी काकांना त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, चादरीने बांधलं आणि उतरायला लागले. मी पुढे, पायऱ्या दाखवत. पहिल्या मजल्यावर माझ्या दारापाशी वळताना खुर्ची अडली. काकांनी जिन्याचा कठडा धरला होता. बोलायला श्वास नव्हता, मान हलवत होते. मागचा माणूस म्हणाला, "साहेब, हात सोडवा जरा." मी त्यांची बोटं सोडवली. एकेक करून. "काका, सोडा, बरं वाटेल," असं म्हणत होतो. ज्याने इतक्या गाठी मारल्या त्या माणसाच्या बोटांत किती जोर उरला असेल? तरी करंगळी सोडवल्यावर पहिलं बोट परत धरत होतं. वृषाली दारात उभी राहून हे बघत होती. तिने मला त्याबद्दल आजवर काही विचारलेलं नाही.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले की नळी घालावी लागेल, घरच्यांची संमती पाहिजे. मी मेघनाला फोन लावून दिला. ती रडत होती, पण बोलणं नीट होतं. डॉक्टरांशी बोलून झाल्यावर तिने मला फोनवर मागून घेतलं. "दादा, तुम्ही त्यांच्याजवळ असायचात. बाबा याबद्दल काही बोलले होते का? आई गेल्यावर काहीतरी सांगत होते मला, मीच ऐकलं नाही. काही बोलले होते का तुमच्याशी?"

मी म्हणालो, "तसं लिहिलेलं काही नाही."

शब्दशः खरं होतं ते. तिने डॉक्टरांना हो म्हणून सांगितलं. ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली, तोवर सगळं लावून झालं होतं. काका अकरा दिवस राहिले.

नंतरचं सगळं त्यांच्या कागदाप्रमाणे झालं. एक गोष्ट चुकली नाही. मी त्याच वखारीतून बांबू आणले, गाठी स्वतः मारल्या, आणि त्या टिकल्या. कुणाला उन्हात ताटकळत ठेवलं नाही. चपला देऊन टाकल्या. वारंगांच्या मयताला काही कमी पडलं नाही, असं सगळे म्हणाले. सुधीरने मुलासारखं केलं, असंही म्हणाले. मेघनाने माझे हात हातात घेतले. मी तिला त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा इतका शांत झाला होता की सांगून मी कुणाचं ओझं हलकं करणार होतो, तिचं की माझं, हे मला ठरवता आलं नाही. अजून ठरत नाही. दिवाळीला तिचा फोन येतो.

कापड आणायलाही मीच गेलो होतो. या खेपेला हरीशेठनी काही विचारलं नाही. बराच वेळ कात्री हातात धरून बसले, मग फाडलं. घडी घालून देताना खाली बघत म्हणाले, "घर में गया ना वो? उसकी एक ही बात थी."

मी "हां" म्हटलं. त्यांनी मान डोलावली, आणि एवढं तरी चांगलं झालं, असं काहीतरी त्यांच्या भाषेत पुटपुटले.

आता एकच सांगायचं राहिलं आहे. ते मी वृषालीलाही सांगितलेलं नाही.

हॉस्पिटलातल्या चौथ्या दिवशी संध्याकाळी मेघना दोन घास खायला खाली गेली आणि भेटीची वेळ मला मिळाली. दहा मिनिटं. सिस्टरने वरून घालायचा हिरवा झगा दिला आणि सांगितलं की शुद्धीवर आहेत, बोला त्यांच्याशी. नळी ओढून काढू नये म्हणून काकांची दोन्ही मनगटं पट्टीने पलंगाच्या दांड्याला बांधलेली होती. डोळे उघडे होते. मी म्हणालो की मेघना आहे खाली, जेवायला गेलीये. बिल्डिंगमधले सगळे विचारतात. तुमच्या कुंड्यांना पाणी घालतोय. मग माझ्याकडचं बोलणं संपलं. ते बघत होते. त्यांच्या नजरेत राग असेल म्हणून मी तयारी करून गेलो होतो. राग असता तर मी उभा राहू शकलो असतो. त्यांच्या नजरेत राग नव्हता. कोणी आपल्याकडे आलं की म्हातारी माणसं जशी बघतात, की आता हा थोडा वेळ आहे, तसे ते बघत होते.

मी म्हणालो, "वेळ संपली, काका. बाहेर जायला सांगतायत."

कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या पायांसमोरच्या भिंतीवर मोठं घड्याळ होतं, मला ते म्हणून झाल्यावर दिसलं. मला आत येऊन चार मिनिटं झाली होती. काकांनी डोळे वळवून घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जा म्हटल्यासारखे एकदा मिटून उघडले.

मी गेलो.